व्हिडिओतला हात कौसल्येचा

आधीच कबूल करून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला ऐकवायला नको. कौसल्या आमच्या मजल्यावर राहायला आली तेव्हा ही बाई करणी करते असं मला वाटलं होतं. नुसतं वाटून थांबले नाही, तीन घरांत जाऊन सांगूनही आले. आता आठवलं की हसून हसून पोटात दुखतं, पण तेव्हा माझ्याकडे पुरावे होते. दर दोन दिवसांनी तिच्या दाराबाहेरच्या डब्यात अर्धी कापलेली लिंबं, आणि ती काळीकुट्ट. बाईच्या बोटांची टोकंही काळी. एकदा तर लिफ्टमध्ये माझ्या चाव्यांची रिंग उडी मारून तिच्या पर्सला जाऊन चिकटली. आता तुम्हीच सांगा.

करी रोडची आमची चाळ पाडली, पुढे साहेबलोकांचा टॉवर उभा राहिला आणि मागे आम्हाला बिल्डिंग दिली. चिठ्ठ्या टाकून खोल्या वाटल्या. सतराव्या मजल्यावर माझ्या एका अंगाला गुणाजी आणि शेवंती आले, ते चाळीतलेच, अगदी घरचे. दुसऱ्या अंगाला ही कौसल्या, पलीकडच्या चाळीतली, पन्नाशीची, एकटी, आणि कपाळावर कायम एक आठी. चौथ्या आठवड्यात मी तिला पॅसेजमध्ये धरलं.

"तू करतेस काय गं नक्की?"

"लोखंड धुते," ती म्हणाली.

"आणि लिंबं?"

"काकी, लोखंडाचे डाग लिंबाने जातात. तुम्ही माझा कचरा बघता?"

बघते तर बघते. म्हणून तर ओळख झाली.

परळच्या एका लॅबमध्ये ती तेवीस वर्षं काम करते, अजून कॉन्ट्रॅक्टवरच. लोखंडाचे दोन क्षार पाण्यात विरघळवायचे, त्यात अमोनिया सोडायचा, की ते केशरी पाणी डोळ्यांदेखत काळं होतं. ते काळं म्हणजे लोखंडाचेच कण, इतके बारीक की एका केसाच्या जाडीत हजारो बसतील. मग बीकरखाली लोहचुंबक धरायचं, तसलंच एक तिच्या पर्समध्ये असायचं. कण खाली ओढले जातात, वरचं पाणी ओतून द्यायचं, नवं घालायचं, पुन्हा तेच. सात वेळा, आठ वेळा. तांदूळ धुतल्यासारखं, फक्त तांदूळ दिसत नाहीत. धुतलेल्या कणांवर साखरेसारख्या एका पदार्थाचं अस्तर चढवतात आणि त्या अस्तरात कॅन्सरचं औषध भरतात. कल्पना अशी की हे कण शिरेतून सोडायचे, बाहेरून लोहचुंबक लावून गाठीपाशी थोपवायचे, म्हणजे औषध गाठीला जास्त आणि बाकीच्या अंगाला कमी. शिवाय एमआरआयमध्ये तेच कण काळे उमटतात, त्यामुळे औषध कुठवर पोचलं ते डॉक्टरला दिसतं.

"मग पेशंटला देतात हे?" मी विचारलं.

"आमचं अजून उंदरांवर चालू आहे. तिथेपण दहातून सहा वेळा पोपट होतो."

हे सांगतानासुद्धा ती चिडलेलीच होती. कौसल्या चिडल्याशिवाय 'गुड मॉर्निंग'पण म्हणत नाही. लिफ्टचं दार उघडं ठेवणाऱ्यावर चिडायची, पाण्याच्या टायमिंगवर चिडायची, आणि सगळ्यात जास्त चिडायची ती लॅबमधल्या पीएचडीच्या पोरांवर. "डिग्री त्यांना, आणि बाटली बिघडली की ताई, जरा बघा ना." मी म्हणायचे, अगं, बीपी वाढेल. तर म्हणायची, वाढू दे, त्याशिवाय मला सुचत नाही.

बाटली बघायची मात्र तिची रीत होती. खिडकीपाशी उजेडात धरायची, तिरकी करायची आणि तळ बघायचा. चांगली बाटली म्हणजे बिनदुधाच्या कडक चहासारखी. महिनाभर ठेवा, तळाशी गाळ नाही. लोहचुंबक लावलं तर इतकी सावकाश सरकते की बघणाऱ्याला जांभई यावी. अस्तर बिघडलं की कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे गठ्ठे होतात, आणि ते गठ्ठे लोहचुंबक दिसलं की धावत सुटतात. दिसायला एकदम झकास. पण रक्तात गेले तर नसच तुंबवतील. म्हणून जी धावते ती बाटली फेकायची. कौसल्या तिच्यावर लाल पेनाने फुली मारून खालच्या कप्प्यात ठेवायची.

मागच्या वर्षी त्यांच्या लॅबला भेट द्यायला पैसेवाले पाहुणे यायचे होते आणि व्हिडिओ काढायचा होता. लॅबचे मुख्य निमेश सर, चाळिशीचे, गोड बोलणारे. चांगली बाटली कॅमेऱ्यासमोर धरली तर ती हलता हलेना. सरांनी खालच्या कप्प्यातली फुलीवाली काढली.

"सर, ही बिघडलेली आहे," कौसल्या म्हणाली.

"व्हिडिओपुरती हो, ताई. तुमचा हात स्थिर आहे, तुम्हीच धरा."

आणि तिने धरली. ते काळं पाणी लोहचुंबकामागे असं काही पळालं, काट्यासारखं उभं काय राहिलं, कडेने वर काय चढलं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'औषध थेट गाठीवर'. चेहरा नव्हता, पण ती काळ्या टोकांची बोटं मी दोनशे माणसांत ओळखली असती. लॅबने व्हिडिओ नेटवर टाकला, तो मी लगेच बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'आपली कौसल्या'. चार हात जोडलेले, दोन फुलं. माझी अक्कल तेवढीच.

तेव्हा शेवंतीच्या डाव्या स्तनात गाठ निघाली होती. दर एकवीस दिवसांनी केमो. तीन झाले होते, केस गेले होते, तोंड आलेलं होतं, पाण्याचासुद्धा वास सहन होत नव्हता. रक्त कमी म्हणून डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. गुणाजी मंडळांचं साउंडचं काम करतो. गणपतीपासून हळदीपर्यंत लालबाग-परळच्या अर्ध्या गल्ल्या त्याच्या स्पीकरने हादरवलेल्या. माणूस भला, पण स्वतःला अर्धा इंजिनियर समजतो.

एका सकाळी मी शेवंतीसाठी पेज घेऊन गेले. ती ओट्याशी उभी राहून गुणाजीसाठी भाकरी करत होती. मी म्हटलं, बस गं, मी करते. तिने चिमटा उचलायला जरा वाकून हात पुढे केला आणि चिमटा तिच्या हातात यायच्या ऐवजी तिच्या छातीवर जाऊन बसला. टक्क. दोघी बघत राहिलो.

"काय आहे ते?" मी विचारलं.

"काही नाही."

"शेवंती, चिमटा लटकतोय तुझ्या गाऊनला."

तिने गाऊनचं वरचं बटण काढलं. आत ओढणीने घट्ट बांधलेलं, चांगलं बशीएवढं गोल, स्पीकरच्या पाठीमागचं लोहचुंबक. खाली कातडी काळीनिळी पडलेली.

हळूहळू तिच्याकडून काढून घेतलं. गुणाजीने तो व्हिडिओ बघितला होता. त्याने डोकं चालवलं. लोहाच्या गोळ्या पोटात जातात, त्याचं लोखंड रक्तात येतं, वरून लोहचुंबक लावलं की ते गाठीपाशी ओढलं जाणार, आणि गाठीला मारणार. त्याच्याकडे जुन्या स्पीकरची लोहचुंबकं पोतंभर. चांगलं मोठं बघून बांधलं. केमोने रक्त आणखी कमी होतं, मग ओढायला लोखंड कुठलं उरणार, म्हणून केमो बंद. हॉस्पिटलमधून फोन आला तर सांगितलं, गावी आलोय. दोन तारखा गेल्या होत्या.

दोन. बेचाळीस दिवस भिंतीला भिंत लागून माझ्या शेजारी हे चाललं होतं आणि मी लोकांच्या डब्यातली लिंबं मोजत होते.

कौसल्या संध्याकाळी सहाला आली. तिला मी लिफ्टच्या दारातच सांगितलं. मी सांगत असताना तिच्या कपाळावरची आठी गेली, म्हणजे बघा. चप्पल न काढता ती गुणाजीच्या घरात शिरली. तो वायरी गुंडाळत बसला होता.

"सोड ते आधी तिच्या अंगावरचं," कौसल्या म्हणाली.

"आवाज खाली ठेव. माझ्या घरात येऊन माकाच सांगतस?"

"तुलाच सांगते. केमो कुणाला विचारून बंद केलीस? बायकोला काय स्पीकर समजलास, की मागून लोहचुंबक लावलं की वाजेल?"

"मी काय असोच करूक नाय. व्हिडिओ शंभरदा बघलंय. काळा पाणी कसा धावता लोहचुंबकामागे." गुणाजी उठून तिच्यासमोर आला. "आणि हात कोणाचो होतो त्यात? तुझोच ना? दुसऱ्या कोणाचो असतो तर मी इश्वास ठेवलो नसतो."

कौसल्येने आपल्या काळ्या बोटांकडे बघितलं. आणि हात तिचा असला तरी तो त्याच्या फोनपर्यंत मी नेला होता.

मग ती म्हणाली, "गोळ्या आण. आणि तुझ्याकडचं सगळ्यात मोठं लोहचुंबक आण. तूच निवड."

काचेच्या ग्लासात पाणी घेतलं. शेवंतीच्या लोहाच्या गोळीची लाटण्याने पूड केली, पाण्यात टाकली, ढवळली. लालसर तपकिरी पाणी झालं. गुणाजीने माळ्यावरून आणखी मोठं लोहचुंबक काढून आणलं, दोन हातांनी धरावं लागेल एवढं, आणि ग्लासाला लावलं. आम्ही चौघं बघत बसलो. काही नाही. त्याने दुसऱ्या बाजूने लावलं. खालून लावलं. म्हणाला, पाणी जास्त झालं. कौसल्येने आणखी दोन गोळ्या चुरडून टाकल्या. पाणी जागच्या जागी.

"लोखंड आहे यात," ती म्हणाली. "तुझ्या रक्तातपण आहे, माझ्यातपण आहे. पण लोहचुंबकाने ओढून घ्यावं असलं नाही. तसलं असतं ना, तर एमआरआयच्या मशीनमध्ये घातलेला एक माणूस जिवंत बाहेर आला नसता. आमचे कण वेगळे बनवावे लागतात, आणि त्यातपण औषध वेगळं भरावं लागतं. नुसतं लोखंड गाठीला काही करत नाही. आणि एवढं सगळं करूनही ते अजून उंदरातच आहे, कळलं?"

"मगे ती बाटली?"

"ती बिघडलेली होती."

"म्हायत होता तुका?"

"होतं."

"मगे दाखवलंस कित्याक?"

कौसल्येने ग्लासातलं पाणी मोरीत ओतलं. गुणाजी जमिनीवर बसला. आणि कॉटवरून शेवंती बोलली. आवाज नव्हताच तिला, तरी ऐकू आलं.

"त्यांना नका बोलू एकट्यांना. मला ठाऊक होतं याने काही होणार नाही. पण ते बांधलं आणि केमोची तारीख गेली. मला भूक लागली, काकी. किती महिन्यांनी जिभेला मीठ कळलं. म्हटलं, राहू दे बांधलेलं."

ती स्वतःच ओढणीची गाठ सोडायला लागली. सुटेना. कौसल्येने दातांनी सोडली. मग ते लोहचुंबक हातात घेऊन उभी राहिली आणि शेवंतीला म्हणाली, "उद्या सकाळी हॉस्पिटलला फोन करायचा. तू करायचास. मला उद्या दुसरं काम आहे."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर लॅबमध्ये गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. वॉचमनने विचारलं कोण, तर म्हटलं, ताईंची मोठी बहीण, आणि पुढे झाले.

निमेश सर कॉम्प्युटरवर होते. तीन-चार पोरं काचेमागे काम करत होती. कौसल्येने ते लोहचुंबक त्यांच्या टेबलावर ठेवलं, शेवंतीचं सगळं सांगितलं, आणि म्हणाली, तो व्हिडिओ काढून टाका.

"वाईट झालं," सर म्हणाले. "खरंच. पण ताई, आपण कुठे म्हटलंय की घरी बांधा? लोक काहीही अर्थ काढतात. त्याला आपण काय करणार?"

"'थेट गाठीवर' असं लिहिलंय, ते कोणी लिहिलं?"

"ती टॅगलाइन आहे."

"आणि बाटली फुलीवाली होती."

"हळू बोला." त्यांनी काचेकडे बघितलं. "तुमचा चेहरा नाहीये त्यात. तुम्ही का एवढं लावून घेता?"

मला वाटलं आता ही टेबल उलटवणार. पण तिने फोन काढला, एक नंबर लावला आणि स्पीकरवर टाकून सरांसमोर ठेवला. पलीकडून गुणाजी म्हणाला, हॅलो.

"हा शेवंतीचा नवरा," कौसल्या म्हणाली. "याला सांगा, लोकांनी अर्थ काढला. याला सांगा, टॅगलाइन होती. माझ्याकडून सांगून होत नाही, काल प्रयत्न केला."

फोनमधून नुसता गुणाजी, "हॅलो, हॅलो, कोण बोलता?" काचेमागच्या पोरांनी हातातलं काम थांबवलं होतं. एवढा शिकलेला माणूस, इंग्लिशमध्ये तासभर भाषण ठोकणारा, त्याला एका साउंडवाल्याला दोन वाक्यं सांगता येईनात. मला त्याची कीव यायला हवी होती, पण आली नाही. मला शेवंतीची ती निळी पडलेली कातडी दिसत होती.

शेवटी त्यांनी फोन हातात घेतला, स्पीकर बंद केला आणि खिडकीपाशी गेले. काय बोलले मला ऐकू आलं नाही, आणि मला ऐकू येत नाही असं फार कमी वेळा होतं. नंतर गुणाजीकडून कळलं, सरांनी सॉरी म्हटलं, केमो चालू करा म्हटलं, आमचं औषध यायला कितीतरी वर्षं आहेत, येईल की नाही तेही माहीत नाही म्हटलं.

व्हिडिओ त्याच दिवशी उतरला. पण कौसल्येला तेवढं पुरेना. तिने त्या पोरांपैकी एकीला फोन धरायला लावला आणि स्वतःचा नवा व्हिडिओ काढला, या वेळी चेहऱ्यासकट, आठीसकट. एका हातात चांगली बाटली, एका हातात बिघडलेली. ही पळते ती वाईट, ही पळत नाही ती बरी, दोन्ही अजून माणसाला देत नाहीत, आणि ज्याने केमो सोडून अंगाला लोहचुंबक बांधलं असेल त्याने ते सोडून आजच्या आज हॉस्पिटलला जावं. मध्ये एकदा पोरीला ओरडते, "नीट धर गं." ते तसंच राहिलंय. जुना व्हिडिओ हजारोंनी बघितला होता. नवा चारशे जणांनी, त्यातले निम्मे मी मागे लागून बघायला लावलेले. लोकांना धावणारी बाटली हवी असते. काय बोलणार. सर आता तिच्याशी थेट बोलत नाहीत, पोरांमार्फत निरोप पाठवतात, आणि ती निरोप आणणाऱ्याला झापते.

हॉस्पिटलमधले डॉक्टरही शेवंती-गुणाजीला खूप बोलले. बोलायलाच हवं होतं. म्हणाले, दोन डोस चुकले त्याचा काय परिणाम होईल ते आत्ता सांगता येणार नाही. पुन्हा सुरू करू, दोन झाले की स्कॅन करू. तारीख मिळाली पुढच्या मंगळवारची, सकाळी साडेआठ.

मंगळवारी आम्ही चौघं टॅक्सीने निघालो. शेवंती मध्ये, रुमाल तोंडाशी धरून, हॉस्पिटलच्या नुसत्या आठवणीने तिला मळमळत होतं. मी म्हटलं, परत जायचं का? तर मान हलवली, नको. ती टिकून होती, पण पुढच्या सीटवरचा गुणाजी आणि मागची कौसल्या यांचं जुंपलं.

"मागच्या गेटाने घे," कौसल्येने टॅक्सीवाल्याला सांगितलं. "तिथून केमोचं डे-केअर पन्नास पावलांवर आहे."

"मागचो गेट धा वाजता उघडता," गुणाजी म्हणाला. "पुढच्यान घे रे."

"आठला उघडतं. पुढून गेलं की तिला अख्खं आवार चालावं लागेल."

"मी पाच महिने येतंय हय. सकाळी कधी उघडो बघूक नाय."

"मी तेवीस वर्षं येतेय सॅम्पल घेऊन."

"सॅम्पल दुपारी न्हेतस तू."

"तू माझ्या मागे येतोस बघायला?"

टॅक्सीवाला आरशातून शेवंतीकडे बघायला लागला. तिने रुमाल काढला आणि म्हणाली, "मागून घ्या हो. बंद असलं तर हे दोघं मला उचलून नेतील."

मागून घेतलं. गेट बंद. मोठं, हिरवं, पत्र्याचं, दोन्ही झडपा मिटलेल्या. गुणाजी टॅक्सीतून उतरून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. सहा महिन्यांत मी त्याला एवढं खूश बघितलं नव्हतं.

"काय गो? उघड आता. तेवीस वर्षां."

कौसल्या गेटापाशी गेली. एका झडपेत माणूस जाईल एवढा छोटा दरवाजा असतो ना, त्याला तिने खांद्याने ढकललं. तो उघडला. आत खुर्चीवर वॉचमन चहा पीत बसला होता.

"हे गेट कितीला उघडतं?" तिने त्याला विचारलं, गुणाजीला ऐकू जाईल अशा आवाजात.

"आठपासून उघडंच असतंय की ताई. नुसतं ढकलायचं."

"मगे तसा लिवन ठेवूचा भायेर," गुणाजी म्हणाला.

"लिहिलंय," वॉचमन म्हणाला. "तुमच्या पाठीमागेच बोर्ड आहे."

गुणाजीने वळून बघितलं नाही. कौसल्येने शेवंतीला एका हाताने धरून आत घेतलं आणि दुसऱ्या हातातली फाइल, पाण्याची बाटली आणि चादरीची पिशवी त्याच्या अंगावर दिली.

"धर," ती म्हणाली. "आणि पुढच्या वेळी टॅक्सीत गप्प बसायचं."

"बसतंय," गुणाजी म्हणाला.